दुधी काचेवरचा गुंड

घरामागच्या भिंतीवर शिंप्याची टेप आडवी चिकटवली. समोर तिपाईवर झेनिट-ई कॅमेरा बसवला, मागचं झाकण उघडलं आणि फिल्म जिथे टेकते त्या रुळांवर ट्रेसिंग पेपरचा तुकडा ताणून लावला. शटर 'बी'वर ठेवून केबलने उघडं धरलं की कागदावर भिंत उलटी उमटते. कॅमेरा मागेपुढे सरकवत कागदावर टेपचे बरोबर 100 सेंटिमीटर बसवले. मग शटर सोडलं आणि व्ह्यूफाइंडरला डोळा लावला. तिथे जेमतेम 78 सेंटिमीटर दिसत होते. उरलेले 22 फिल्मवर येणार होते, मला न दाखवता.

माझ्याकडे जुने चार फिल्म कॅमेरे आहेत. त्याच टेपवर पेंटॅक्स के-1000 ने सुमारे 91 सेंटिमीटर दाखवले, याशिका एफएक्स-3 सुपर 2000 ने 92 आणि ऑलिंपस ओएम-1 ने 97. झेनिटच्या फाइंडरची चौकट 20 बाय 28 मिलिमीटरची आणि फिल्मची 24 बाय 36. क्षेत्रफळ काढलं तर झेनिट चित्राचा सुमारे 65 टक्के भागच डोळ्याला देतो.

हा हिशेब मला फार उशिरा समजला. भंडाऱ्यात एका स्टुडिओत काम शिकत होतो तेव्हा लग्नाचं रीळ धुतलं की नवरा-नवरीच्या बाजूला कुणाचा तरी कोपर, लाइट धरणाऱ्या पोराचा खांदा हटकून निघायचा. मला वाटायचं, खटका दाबेपर्यंत माणूस मध्ये आला. तो आधीपासूनच तिथे होता. छोट्या प्रिंटमध्ये कडा आपोआप कापल्या जात, म्हणून गिऱ्हाइकाला ते कधी दिसलं नाही. स्लाइडच्या चौकटीतही थोडी कड झाकली जाते. त्यामुळे बहुतेक कॅमेरे मुद्दामच थोडं कमी दाखवत. निकॉन एफ मात्र 1959 पासून पूर्ण 100 टक्के दाखवत होता. त्यासाठी आरसा, काच आणि लोलक केसभरही न चुकता जुळवावे लागतात, आणि तशी किंमतही मोजावी लागते.

भिंगातून आलेला प्रकाश आरशावर आपटून वर जातो आणि दुधी काचेवर चित्र धरतो. हे चित्र सुलट असतं, पण डावं-उजवं बदललेलं. कमरेशी धरून वरून बघायच्या जुन्या कॅमेऱ्यांत दुकानाची पाटी आरशातल्यासारखी वाचावी लागे. 1949 च्या कॉन्टॅक्स एसने त्या काचेवर लोलक बसवला. त्याच्या वरच्या बाजूला घराच्या छपरासारखे दोन उतार असतात, ते डावं-उजवं पुन्हा जागेवर आणतात. तेव्हापासून कॅमेरा कमरेवरून डोळ्याशी आला.

भिंतीवर टक्के मोजता येतात, पण फाइंडरची खरी पारख उजेड कमी झाला की होते असं माझं मत आहे. दुपारी खांब तलावाच्या काठावर चारही चांगलेच वाटतात. म्हणून मी ते घेऊन पितळेची भांडी घडवणाऱ्या ओळखीच्या एका कारागिराच्या कारखान्यात गेलो. पितळेसाठी भंडारा ओळखला जातो, पण स्टील आल्यापासून ठोक्यांचे आवाज विरळ झालेत. आत एक भट्टी, एक झरोका आणि धुराने काळवंडलेल्या भिंती. समोर कारागीर गुंडाच्या, म्हणजे पाण्याच्या पितळी भांड्याच्या, गळ्यावर ठोके देत बसलेला.

ओएम-1 ला डोळा लावला की आत गेल्यासारखं होतं. योशिहिसा मैतानी यांनी रचलेला हा कॅमेरा 1972 मध्ये एम-1 नावाने आला आणि पुढच्याच वर्षी ओएम-1 झाला. अंग एवढंसं, पण 50 मिलिमीटरच्या भिंगाने त्यात दिसणारं चित्र उघड्या डोळ्याच्या 0.92 पट. दुसरा डोळा उघडाच ठेवला तर कॅमेऱ्यातला गुंड आणि बाहेरचा गुंड जवळपास एकमेकांवर बसतात. मी तसंच बघत होतो तेव्हा कारागिराने हात थांबवून विचारलं, "दोनी डोरे उघडे ठेऊन का पायता जी?" मी कॅमेरा त्याच्या हातात दिला. त्याने बराच वेळ आपलीच भट्टी पाहिली.

या मोठेपणाची किंमत चष्मेवाल्याला मोजावी लागते. चष्म्यामुळे डोळा काचेपासून लांब राहतो आणि चारही कोपरे एकदम दिसत नाहीत. मला मान किंचित फिरवून एकेक कोपरा तपासावा लागतो.

माझ्या ओएमच्या काचेच्या मधोमध एक दुभंगलेला गोल आहे. फोकस चुकला की वरचा अर्धा आणि खालचा अर्धा एकमेकांपासून सरकतात. गंमत अशी की ही चीर आडवी, त्यामुळे तिला उभी रेघ लागते. गुंडाचा काठ आडवा. काठ कितीही धूसर असला तरी दोन्ही अर्ध्यांत तो सारखाच. कॅमेरा उभा धरला तेव्हा काठ मधोमध तुटलेला दिसला. भिंग फिरवत गेलो, दोन टोकं जवळ आली, जुळली. त्या क्षणाचा आनंद मला अजून नवा वाटतो. मात्र कोक्याच्या जंगलात एफ 5.6 ची लांब झूम लावली की याच गोलाचा अर्धा भाग काळा पडतो. तिथे हे सुख विसरायचं आणि भोवतालच्या दुधी काचेवर भरवसा ठेवायचा.

माझ्या पेंटॅक्समध्ये चीर नाही, मधे बारीक लोलकांचा गोल आहे. फोकस चुकला की तो पाण्यावरच्या उन्हासारखा थरथरतो, जुळला की शांत होतो. त्याला रेघ आडवी-उभी कशीही चालते, म्हणून गुंडावर तो सगळ्यात झटपट ठरला. त्याच्या मीटरची काळी सुई मात्र कारखान्याच्या काळोखात दिसेना. याशिकाचे लहानसे दिवे तिथे लख्ख दिसले. झेनिटच्या फाइंडरमध्ये मीटरच नाही, तो वरच्या बाजूला. त्यामुळे उजेड मोजायचा तर डोळा काढावा लागतो.

आणि तरीही झेनिट मला टाकवत नाही. त्याच्यात नुसती दुधी काच आहे, कोपऱ्यांत काळोख. हेलिओस भिंग एफ 2 वर ठेवून फोकस करायचा, मग हाताने कडं फिरवून छिद्र लहान करायचं, की आधीच मिणमिणतं चित्र आणखी विझतं. पण काचेवर जे अस्पष्ट आहे ते ती अस्पष्टच दाखवते. फार उजळ, फार गुळगुळीत काच थोडीशी चूक झाकून टाकते आणि सगळंच ठीक असल्यासारखं वाटतं.

चारही कॅमेऱ्यांना वयाने गाठलंच आहे. हा तलावांचा, धानाचा जिल्हा. पावसाळ्यात कपाटातल्या भिंगांवरसुद्धा बुरशीचे धागे धरतात. एकाच्या लोलकाजवळचा जुना फोम विरघळून चांदीचा मुलामा खाल्ला गेलाय आणि चित्राच्या तळाशी एक काळसर आडवा डाग कायमचा बसलाय. तो फोटोत येत नाही, फक्त बघणाऱ्याला दिसतो.

रात्री रिळं घरीच धुतली. ओएम आणि पेंटॅक्सचे जवळजवळ सगळे फोटो नीट फोकसमध्ये होते, झेनिटचे निम्मे. त्या निम्म्यांतला एक भिंगाखाली धरला. मधे कारागीर, हातोडी खाली येतेय. आणि अगदी डाव्या कडेला, मी न पाहिलेल्या त्या पट्टीत, कुणाचे तरी ओले हात. चिंचेच्या कोळाने नवा गुंड घासणारे.