निविदा फेटाळली गेल्यावर

केंद्र सरकारच्या एखाद्या कार्यालयाची फर्निचरची निविदा भरावी, रात्र जागून दर काढावेत आणि तांत्रिक छाननीतच आपले नाव गळावे, हा अनुभव आपल्या अनेक पेढ्यांना आला असेल. अशा वेळी घरातील वडीलधारे बहुधा म्हणतात, "जाऊ द्या, सरकारशी वैर कशाला?"

वस्तुतः विचारणा करणे हे वैर नव्हे. सामान्य वित्तीय नियम, 2017 मधील नियम 173 नुसार निविदेच्या अटी, प्रक्रिया किंवा नकार यांविषयी बोलीदारास प्रश्न विचारता येईल, अशी तरतूद निविदापत्रातच असावी लागते. अमेरिकेत अशी हरकत सरकारी लेखा कार्यालय ऐकते व 100 दिवसांत निर्णय देते. आपल्याकडे केंद्रीय खरेदीसाठी तसे स्वतंत्र पीठ नाही. प्रथम खरेदी अधिकाऱ्यालाच लिहावे लागते.

मात्र तत्पूर्वी एक अप्रिय गोष्ट सांगितली पाहिजे. 2012 च्या खरेदी धोरणानुसार सूक्ष्म व लघु उद्योगांना अनामत रकमेतून सूट आणि वार्षिक खरेदीत आता 25 टक्के वाटा आहे. 2 जुलै 2021 पासून व्यापाऱ्यांनाही उद्यम नोंदणी खुली झाली, पण ती केवळ बँकांच्या प्राधान्य क्षेत्रातील कर्जापुरती. तयार माल विकत घेऊन पुरवणाऱ्या पेढीने ते प्रमाणपत्र जोडून अनामत भरली नाही, तर निविदा बाद होणारच. त्यात अन्याय नाही. किंबहुना उत्पादकाची सवलत आपण घेऊ पाहणे हे अचौर्यव्रताला धक्का लावणारेच म्हणावे लागेल.

खरा अन्याय वेगळा असतो. एकाच कंपनीच्या मालाला जुळेल अशी मोजमापे अटींत घातलेली असतात, किंवा जोडलेला दाखला 'सादर नाही' असा शेरा मारलेला असतो. पहिल्या बाबतीत हरकत निविदा भरण्याच्या मुदतीपूर्वीच घ्यावी; मुकाट्याने भाग घेऊन हरल्यावर अटींना दोष दिल्यास न्यायालय सहसा ऐकत नाही. दुसऱ्या बाबतीत कारण कळताच त्याच दिवशी लिहावे, कारण सरकारी ई-बाजारपेठेवर म्हणजे जेमवर ही मुदत अत्यल्प असते.

उच्च न्यायालयाचे दार उघडे आहे, पण टाटा सेल्युलर प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 1994 मध्ये स्पष्ट केल्याप्रमाणे तेथे निर्णयापेक्षा निर्णयाची पद्धत तपासली जाते. म्हणून पत्रात आपला माल किती उत्तम, हे लिहू नये. कोणती अट, कोणता दाखला, तो कोणत्या पानावर जोडला आणि निविदा दाखल झाल्याची पोच, एवढेच लिहावे.