‘जागरी’ : स्वातंत्र्यपूर्व कादंबरीतील उद्याचा देश

स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावरील कादंबऱ्यांत भावी राष्ट्राचे चित्र बहुधा नायकाच्या भाषणांतून येते. मराठी राजकीय कादंबरीही याला फारशी अपवाद नाही. सतीनाथ भादुडी यांची ‘जागरी’ (१९४५) ही बंगाली कादंबरी मात्र असे चित्र रेखाटतच नाही.

१९४२ च्या आंदोलनात फाशीची शिक्षा झालेला बिलू, पूर्णियाच्या त्याच तुरुंगात बंदिवान असलेले त्याचे आईवडील आणि फाटकाशी थांबलेला धाकटा भाऊ नीलू यांची फाशीपूर्वीची एकच रात्र चार निवेदनांतून उलगडते. वडील गांधीवादी, बिलू काँग्रेस समाजवादी. साम्यवादी नीलूने तर भावाविरुद्ध साक्ष दिलेली. तिघांच्या मनातला उद्याचा देश वेगवेगळा आहे. तो कोणी वर्णन करून सांगत नाही. एकमेकांविषयीच्या आठवणींतून वाचकालाच तो जुळवून घ्यावा लागतो.

नीलूला खलपुरुष करणे सोपे होते. (आंदोलनापासून साम्यवाद्यांनी घेतलेली फारकत तेव्हा ताजी जखम होती.) परंतु शेवटचे निवेदन त्यालाच मिळते, आणि पक्षनिष्ठा व बंधुप्रेम यांतली त्याची ओढाताण आतून प्रत्ययास येते.

तरीही आईचे निवेदन अधिक मर्मभेदी ठरते. तिच्या आठवणी राजकारणापेक्षा मुलांभोवती घोटाळतात; पुरुषांच्या त्या तीन देशांपैकी एकाचीही निवड तिने केलेली नसते.