नगर-राजनय
शहरांच्या स्थानिक शासनसंस्थांनी परदेशांतील शहरांशी व आंतरराष्ट्रीय संघटनांशी स्वतःच्या नावे ठेवलेले संबंध आणि त्यांतून होणारे करार व सहकार्य म्हणजे नगर-राजनय होय. युद्ध, तह व सीमा हे सार्वभौम राज्याचे विषय. नगर-राजनयाचा भर पाणीपुरवठा, वाहतूक, पर्यावरण, व्यापार, शिक्षण व सांस्कृतिक देवघेव यांवर असतो.

इतिहास : प्राचीन ग्रीसमधील व मध्ययुगीन इटलीतील नगरराज्ये परस्परांकडे दूत पाठवीत. उत्तर युरोपातील व्यापारी शहरांच्या हॅन्सिॲटिक संघाने १३७० मध्ये डेन्मार्कला श्ट्रालझुंटचा तह करण्यास भाग पाडले. पुढे प्रबळ राष्ट्र-राज्ये उदयास आली, तसे शहरांचे हे स्वातंत्र्य लोपले. संघाची अखेरची सभा १६६९ मध्ये भरली. आधुनिक काळात शहरांची पहिली जागतिक संघटना गेंट (बेल्जियम) येथे १९१३ मध्ये स्थापन झाली.

दुसऱ्या महायुद्धाने या चळवळीस नवे वळण दिले. बाँबहल्ल्यांत उद्ध्वस्त झालेल्या इंग्लंडमधील कॉव्हेंट्री शहराने १९४४ मध्ये स्टालिनग्राडशी (सध्याचे व्होल्गोग्राड) आणि १९५९ मध्ये पूर्वीच्या शत्रुराष्ट्रातील ड्रेझ्डेनशी मैत्रीचे नाते जोडले. अमेरिकेत राष्ट्राध्यक्ष आयझनहौअर यांच्या पुढाकाराने १९५६ पासून भगिनी-नगरांच्या योजनेस चालना मिळाली.

शांतता व हवामान : हीरोशीमाचे महापौर ताकेशी आराकी यांनी १९८२ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या निःशस्त्रीकरणविषयक खास अधिवेशनात अण्वस्त्रनिर्मूलनासाठी शहरांनी एकत्र येण्याचे आवाहन केले. त्यातून निर्माण झालेल्या महापौरांच्या शांतिसंघटनेत आज आठ हजारांहून अधिक शहरे आहेत. हवामानबदलाच्या प्रश्नावर २००५ मध्ये लंडन येथे १८ महानगरांचे प्रतिनिधी जमले. त्यातून सी-४० हा गट आकारास आला. मुंबई त्याची सदस्य आहे. अमेरिकेने २०१७ मध्ये पॅरिस करारातून माघार घोषित केल्यावर तेथील अनेक महापौरांनी कराराची उद्दिष्टे पाळण्याचा निर्धार जाहीर केला. राष्ट्राचे धोरण व शहरांची भूमिका यांतील तफावत यावरून दिसून येते.

भारत : मुंबईचे योकोहामाशी भगिनी-नगराचे नाते १९६५ मध्ये, तर श्टुटगार्टशी १९६८ मध्ये जुळले. तथापि भारतीय संविधानाच्या सातव्या अनुसूचीनुसार परराष्ट्रव्यवहार हा संघसूचीतील, तर स्थानिक शासन हा राज्यसूचीतील विषय आहे. चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने (१९९२) नगरपालिकांना संवैधानिक दर्जा दिला; परराष्ट्रव्यवहाराचा अधिकार मात्र दिला नाही. त्यामुळे परदेशी शहरांशी करार करताना महानगरपालिकांना केंद्राच्या संमतीवर अवलंबून राहावे लागते.

मर्यादा : आंतरराष्ट्रीय कायद्यात शहर हे स्वतंत्र घटक मानले जात नाही, संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत मत राज्यांनाच असते. भगिनी-नगरांचे अनेक करार शिष्टमंडळांच्या भेटींपुरतेच उरतात. शिवाय राष्ट्रांतील तंट्यांपासूनही ही नाती अलिप्त राहत नाहीत : युद्धकाळातील लैंगिक गुलामगिरीस बळी पडलेल्या स्त्रियांच्या सॅन फ्रॅन्सिस्कोतील स्मारकावरून ओसाकाने त्या शहराशी १९५७ पासून असलेले नाते २०१८ मध्ये तोडले. तरीही पूर, उष्मा, साथी व स्थलांतर यांचा पहिला भार शहरांवरच पडतो. जबाबदारी शहरांकडे आणि निर्णयाचा अधिकार अन्यत्र, ही विसंगती जोवर आहे, तोवर नगर-राजनयाचे सामर्थ्य मुख्यतः अनुभवाच्या देवाणघेवाणीत व नैतिक दडपणातच राहील.