गिअर अडखळतोय? आधी ऑइल बघा

भारतात ऑटोमॅटिक पिकअप मोजक्याच. इसुझू व्ही-क्रॉसला सहा गिअरचा ऑटोमॅटिक मिळाला तो २०१९ मध्ये. अशा गाडीने बंगळुरूत एचएसआर लेआउटहून सिल्क बोर्डकडे रांगत जाताना गिअरबॉक्सचं ऑइल तापतं आणि लवकर बाद होतं. ताजं ऑइल बहुधा लाल, पारदर्शक; काळपट झालं आणि करपट वास आला, तर आतल्या क्लच प्लेट जळू लागल्या असं समजा. ‘डी’त टाकल्यावर गाडी क्षणभर थांबून धक्क्याने निघते? आरपीएम चढतो, वेग मात्र नाही? ऑइलची पातळी तपासून घ्या. अनेक गिअरबॉक्सना डिपस्टिकच नसते (ही कोणाची अक्कल, देव जाणे). मग गाडी लिफ्टवर घेऊन, ठरलेल्या तापमानालाच पातळी बघावी लागते. गाडी एकाच गिअरमध्ये अडकली, तर स्कॅनर लावल्याशिवाय गिअरबॉक्स उघडू देऊ नका. कधी कधी दोष निव्वळ उतरलेल्या बॅटरीचा निघतो.