ओळखीचे वाटते, पण आठवत नाही!

सीए फायनलच्या एखाद्या विद्यार्थ्याचे ‘ऑडिट’चे पुस्तक उघडून पाहा. पाने पिवळ्या, गुलाबी, हिरव्या हायलायटरने रंगलेली असतात. कोणती ओळ रंगवायची राहिली, हेच शोधावे लागते. तीन-तीन वाचने झालेली असतात. तरीही परीक्षेत ‘या परिस्थितीत लेखापरीक्षकाने काय करावे?’ असा प्रश्न आला, की पेन अडते. सगळे ओळखीचे वाटते, पण कागदावर उतरत नाही. मग विद्यार्थी स्वतःच्या बुद्धीला दोष देतो आणि पुढच्या वेळी चौथे वाचन करतो. खरे तर बदलायला हवी ती अभ्यासाची पद्धत.

आधी परीक्षेचे गणित समजून घेऊ. फायनलला दोन ग्रुप असतात, प्रत्येकात १०० गुणांचे तीन पेपर. ग्रुप उत्तीर्ण होण्यासाठी प्रत्येक पेपरमध्ये किमान ४० आणि तिन्ही मिळून किमान १५० गुण लागतात. तिन्ही पेपरांत ४५ मिळाले तर बेरीज १३५, म्हणजे नापास. दोन पेपरांत ७० आणि तिसऱ्यात ३८ मिळाले तर बेरीज १७८, तरीही नापास. त्यामुळे आवडीचा विषय घोटून उरलेल्यांवर वेळ मारून नेता येत नाही. पहिल्या महिन्यात वाचलेला विषय शेवटच्या महिन्यातही डोक्यात ताजा असावा लागतो. खरी लढाई विसरण्याशी असते.

विसरणे कसे घडते, हे जर्मन मानसशास्त्रज्ञ हर्मन एबिंगहाउस यांनी १८८५ मध्ये मांडले. निरर्थक अक्षरसमूह पाठ करून त्यांनी स्वतःवरच प्रयोग केले. शिकल्यानंतर पहिल्या काही तासांत माणूस सर्वांत वेगाने विसरतो आणि नंतर हा वेग मंदावतो, असे त्यांना दिसले. एकाच बैठकीत सलग पाठांतर करण्यापेक्षा तीच उजळणी काही दिवसांत विभागली, तर कमी श्रमांत काम होते, हेही त्यांनी नोंदवले.

पुस्तक मिटून लिहा

उजळणी म्हणजे पुन्हा वाचणे नव्हे. अमेरिकेतील हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिक यांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग याबाबत बोलका आहे. विद्यार्थ्यांना एक उतारा वाचायला दिला. त्यानंतर काहींनी तो पुन्हा वाचला, तर काहींनी उतारा बाजूला ठेवून आठवेल तेवढे लिहिले. पाच मिनिटांनी चाचणी घेतली, तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते : ८१ टक्के विरुद्ध ७५. आठवड्याने मात्र चित्र उलटले. पुन्हा वाचणाऱ्यांना ४२ टक्के आठवले, आठवून लिहिणाऱ्यांना ५६ टक्के.

वाचताना सगळे सोपे वाटते आणि त्या सोपेपणालाच आपण ‘तयारी झाली’ असे समजतो. आठवून लिहिताना डोक्याला ताण पडतो, चुका होतात, मन खट्टू होते. पण स्मरण पक्के होते ते त्या ताणामुळेच. समजा, महसूल नोंदणीचे ‘इंड एएस ११५’ वाचून झाले. पुस्तक मिटा, कोऱ्या कागदावर त्यातील पाच पायऱ्या लिहा आणि मगच पुस्तक उघडून राहिलेले लाल पेनाने भरा. हेच दुसऱ्या दिवशी, मग आठवड्याने, मग महिन्याने करा. दर वेळी पंधरा-वीस मिनिटे पुरतात. दिवसभर आर्टिकलशिपच्या कार्यालयात असणाऱ्यांनाही हे जमण्यासारखे आहे.

विषयांची सरमिसळ

धड्याखालची गणिते सोडवताना कोणता नियम लावायचा, हे धड्याचे नावच सांगते. परीक्षेत ही सोय नसते. वर्ष संपल्यानंतर पण हिशेब मंजूर होण्याआधी कंपनीच्या गोदामाला आग लागली. तिची नोंद कशी करायची? घाईत विद्यार्थी तरतुदींच्या ‘इंड एएस ३७’कडे वळतो. प्रत्यक्षात प्रश्न ताळेबंदाच्या तारखेनंतरच्या घटनांचा, म्हणजे ‘इंड एएस १०’चा असतो. नियम पाठ असतो, पण तो कधी लावायचा हे ओळखता येत नाही.

हे ओळखण्याचा सराव सरमिसळीतून होतो. डग रोहरर आणि केली टेलर यांनी २००७ मध्ये गणिताच्या बाबतीत हे दाखवले. एकाच प्रकारची उदाहरणे सलग सोडवणाऱ्यांना सरावात ८९ टक्के यश मिळाले, मिसळून सोडवणाऱ्यांना ६०. आठवड्यानंतरच्या परीक्षेत मात्र पहिला गट २० टक्क्यांवर घसरला आणि दुसरा ६३ टक्क्यांवर टिकला. म्हणून तीन-चार धडे झाले, की त्यांतील प्रश्न मिसळून सोडवावेत.

त्यासाठी साहित्य शोधत फिरण्याची गरज नाही. सीए परीक्षा घेणारी आयसीएआय ही संस्थाच रिव्हिजन टेस्ट पेपर, मॉक टेस्ट पेपर आणि आधीच्या परीक्षांची सुचवलेली उत्तरे उपलब्ध करून देते. घड्याळ लावून पूर्ण पेपर हाताने लिहावा. तपासताना चुकीचे कारणही लिहावे : माहीत नव्हते, प्रश्न नीट वाचला नाही, की वेळ पुरला नाही? तिन्हींवरचा उपाय वेगळा आहे.

झोपेची उधारी

अभ्यासाचे तास वाढवण्यासाठी पहिली कात्री झोपेला लागते. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातील संशोधकांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात निरोगी प्रौढांना दोन आठवडे रोज सहा तासच झोपू दिले. शेवटी त्यांची एकाग्रता आणि आकडेमोड करताना लागणारी स्मृती रात्रभर जागलेल्या माणसाइतकी घसरली होती. त्यांना स्वतःला मात्र आपण थोडेसेच पेंगुळलो आहोत असे वाटत होते. दिवसा शिकलेले मेंदूत पक्के करण्याचे बरेचसे काम झोपेत चालते. त्यामुळे झोप तोडणे म्हणजे झालेल्या अभ्यासातूनच वजावट करणे. रात्री उशिराची कॉफीही टाळावी. तिच्यातील कॅफिनपैकी साधारण निम्मे पाच तासांनंतरही शरीरात उरलेले असते.

अपयशाच्या फेऱ्यांनी झोप उडाली असेल, कशातच रस वाटत नसेल, तर ते आळसाचे लक्षण समजून रेटू नये. घरच्यांशी, डॉक्टरांशी बोलावे. ‘टेलि-मानस’ची १४४१६ ही सरकारी मोफत सेवा दिवसरात्र उपलब्ध असते.

आज रात्री नवा धडा घेण्याआधी एवढे करून पाहा. गेल्या आठवड्यात ‘पूर्ण’ झालेला एक धडा निवडा आणि पुस्तक न उघडता दहा मिनिटे त्यावर लिहा. कागद निम्मा कोरा राहिला, तर उद्याच्या अभ्यासाची सुरुवात कुठून करायची, हे तोच सांगेल.