ऐकावं नीट, मग लिहावं

डॉक्टरांनी बोलून ठेवलेली रुग्णाची माहिती ऐकून टाइप करणं म्हणजे मेडिकल ट्रान्स्क्रिप्शन. आम्ही नवशिक्या ते जुन्या ताईंच्या शेजारी बसून शिकतो. हायपोटेन्शन म्हणजे रक्तदाब कमी, हायपरटेन्शन म्हणजे जास्त. ऐकताना घोटाळा झाला की आजारच उलटा. ‘इलियम’ लहान आतड्याचा भाग, तसंच कमरेचं हाडही. उच्चार एक, स्पेलिंग वेगळं. म्हणून मागचंपुढचं वाक्य बघायचं. गोळी ‘फिफ्टीन’ मिलिग्रॅम की ‘फिफ्टी’, कळेना, तर अंदाजानं लिहायचं नाही. जागा रिकामी सोडायची, रेकॉर्डिंगमधली वेळ टिपायची आणि ताईंना ऐकवायचं. त्या कारणही सांगतात. ते वहीत उतरवायचं. रुग्णाची माहिती मात्र कामाबाहेर कुणाला सांगायची नाही. विचारायला लाजू नका. रिकामी जागा भरता येते. चुकीचा आकडा रुग्णाच्या जिवावर बेतू शकतो.