ज्याचा कागद त्याच्याच गळ्यात

आमच्या गोरेगावातून हजला जाणारे फार नसतात. एखाद्या वर्षी एकाच घरची माणसं, एखाद्या वर्षी तीन-चार घरांची. कुरआत नाव निघालं की गावभर मुबारकबाद सुरू होते, आणि पंधरा दिवसांत तयारी म्हणजे काय ते ठरून जातं: नवे कपडे, लाडू, चिवडा, लोणचं, पाहुण्यांची जेवणं, निघायच्या दिवशी हार. आम्ही शाळेत शिकवणारे दोन-तीन जणही पूर्वी एवढंच करत होतो. कुणाचा फॉर्म भरून द्यायचा, कुणाचं नाव कागदात दुरुस्त करायचं आणि शेवटी हार घेऊन उभं राहायचं.

2023 साली आमच्या गल्लीतल्या एक खाला मुलगा आणि सुनेबरोबर हजला गेल्या. मराठी शाळेत चौथीपर्यंत शिकलेल्या. एसटीची पाटी वाचतात, मोबाइलचा नंबर लावतात. मिनात दहा जिलहज्जला कंकऱ्या मारून परतताना गर्दीत मुलाचा हात सुटला. मिनात जिकडे बघावं तिकडे सारखेच पांढरे तंबू, सारखेच रस्ते. मुलाने सांगितलेला छावणीचा नंबर त्यांना पाठ होता, छप्पन. त्या छप्पन शोधत राहिल्या. ज्या फाटकासमोर त्या पोहोचल्या तिथल्या पाटीवर फक्त अरबी आकडे होते. अरबी पाच हा नुसता गोल असतो, आपल्या शून्यासारखा. अरबी सहा दिसतो इंग्रजी सातासारखा. खालांनी वाचलं ‘शून्य सात’ आणि पुढे गेल्या. फेरा मारून पुन्हा तिथेच आल्या, पुन्हा पुढे गेल्या. स्वतःच्या फाटकासमोरून दोनदा!

ओळखपत्र मुलाच्या बॅगेत होतं, कारण दोरी मानेला टोचत होती. हातातलं स्टीलचं कडं उन्हाने हात सुजला म्हणून काढलेलं. साखरेच्या गोळ्या सुनेच्या पर्समध्ये. फोन चार्ज नव्हता. इशाच्या नमाजनंतर एका हिंदुस्तानी खादिमाने त्यांना रस्त्याकडेला बसलेलं पाहिलं, चौकशी केली आणि आणून सोडलं. अल्लाहचा करम, दुसरं काय म्हणणार? पण त्या सात-आठ तासांत त्यांच्यावर आणि त्यांच्या मुलावर काय गुजरलं असेल, हे आईबरोबर गेलेला माणूसच जाणे.

खाला परत आल्यावर आम्हाला एवढंच म्हणाल्या, “मास्तर, तुम्ही पोरांना आकडे शिकवता, मला का नाही शिकवले?”

त्यानंतर आम्ही रविवारी जुहरनंतर हजला जाणाऱ्यांना पाटी-पेन्सिल घेऊन बसवायला लागलो. सरकारी प्रशिक्षण शिबिर होतं, त्यात अरकान सांगतात, तेही ऐकायलाच हवं. पण शे-दोनशे माणसांच्या शिबिरात आमच्या आजीबाई हात वर करून काही विचारत नाहीत. इथे विचारतात.

सुरुवात आकड्यांपासून. एक म्हणजे काठी, तो सोपा. दोन आणि तीन आकड्यासारखे वाकलेले, दोनाला एक दात कमी. चार म्हणजे इंग्रजी तीन उलट्या तोंडाचा. पाच गोल. सहा इंग्रजी सातासारखा. आठ म्हणजे आपल्या घराचं उतरतं छप्पर, सात म्हणजे तेच छप्पर उलटं. नऊ फसवा आहे, मराठी शाळेत शिकलेल्यांना तो आपला १ वाटतो. आणि शून्य म्हणजे फक्त टिंब. उर्दू शाळेत शिकलेल्यांनीही गाफील राहू नये, उर्दूतला चार आणि पाच अरबीपेक्षा वेगळा लिहितात. तिथे पुष्कळ पाट्यांवर दोन्ही प्रकारचे आकडे असतात, पण खालांच्या फाटकावर नव्हते. चार रविवार लागतात. आमच्या पाचवीच्या मुली आपल्या दादी-नानीला घरी गिरवून घेतात आणि चुकलं की त्यांना ओरडतातसुद्धा, ते बघण्यासारखं असतं.

एवढ्यावरून आमचं एक मत पक्कं झालं. गटाने प्रवास करताना सगळ्यांचं सगळं एकाजवळ ठेवायची आपली जी रीत आहे, तीच घात करते. मुलाजवळ सगळ्यांचे पासपोर्ट, सुनेजवळ सगळ्यांची औषधं, मामूंजवळ सगळ्यांचे रियाल. घरात हे प्रेमाचं असतं. पण तवाफमध्ये, बसमध्ये चढताना, जमरातहून परतताना तो गट दहा वेळा फुटतो. म्हणून ज्याचा कागद त्याच्याच गळ्यात. ओळखपत्र आणि सौदी सरकारकडून मिळणारं नुसुक कार्ड अंघोळीला जातानाच काढायचं. दोरी टोचते तर घरूनच मऊ कापडाची पट्टी शिवून न्या, दहा रुपयांचं काम. मक्केतल्या इमारतीचा नंबर, मिनातला मकतब नंबर आणि बरोबरच्या दोघांचे फोन नंबर कागदावर लिहून प्रत्येकाच्या खिशात. थोडे रियाल प्रत्येकाजवळ, अगदी सत्तर वर्षांच्या दादीजवळही. त्या म्हणतील, मला काय करायचे? तरी द्यायचे.

औषधांचं तसंच. मुक्काम साधारण चाळीस दिवसांचा. रक्तदाबाच्या, साखरेच्या गोळ्या पूर्ण मुक्कामाच्या आणि वर आठवडाभर पुरतील एवढ्या घ्या. मूळ पाकिटातच ठेवा, सुट्या करून डबीत भरू नका. डॉक्टरांची चिठ्ठी बरोबर हवी. चार-पाच दिवसांच्या गोळ्या हातातल्या पिशवीत, बाकीच्या मोठ्या बॅगेत. लसीकरण सरकारी रुग्णालयातून होतं, मेंदूज्वराची लस सर्वांना घ्यावीच लागते. तिचा दाखला पासपोर्टइतकाच जपा.

आता खसखस. हे वाचून कुणी हसेल, पण आम्ही दरवर्षी शपथ घातल्यासारखं सांगतो. सौदी अरेबियात खसखस अमली पदार्थात धरतात. आपल्याकडे ती पुडीतच असते असं नाही. मराठवाड्यातल्या काळ्या मसाल्यात ती असते, डिंकाच्या लाडवात असते, बहिणीने प्रेमाने दिलेल्या अनारशांवर लावलेली असते. तेव्हा मसाला न्यायचाच तर समोर बसून, खसखस न घालता कुटून घ्या. गुटखा, तंबाखू घरी ठेवा. आणि जेद्दात काम करणाऱ्या कुणा नातेवाइकासाठी कुणी बंद पुडकं दिलं तर ते घेऊ नका. वाईट वाटू द्या. विमानतळावर पुडकं तुमच्या नावावर असतं.

आमचे आजोबा लोक बोटीने जात. 1995 नंतर मुंबईहून हजची बोट बंद झाली. त्या काळी गादी, भांडी, तांदूळ, सगळं बरोबर न्यावं लागे, आणि ती आठवण आपल्या घरांतून अजून गेलेली नाही. म्हणून विमानाच्या प्रवासालाही कढई निघते. हज कमिटी त्या वर्षी किती किलोच्या किती बॅगा सांगते आणि खोलीत स्वयंपाक करू देतात की नाही, हे त्याच वर्षीच्या सूचनेत पाहा. गेल्या वर्षी गेलेल्याच्या सांगण्यावर जाऊ नका, नियम बदलतात. बॅग भरून झाली की गावातल्या किराणा दुकानाच्या काट्यावर ठेवून बघा. आणि ती बॅग स्वतः उचलून जिना चढून बघा. जी उचलत नाही ती जड आहे, मग काटा काहीही म्हणो.

एहराम मात्र मोठ्या बॅगेत कधीही टाकू नका. विमान थेट जेद्दाला जाणार असेल तर मीकात हवेतच ओलांडली जाते. म्हणून एहराम मुंबईतच बांधायचा आणि नियत मीकातच्या आधी करायची. आधी मदिनेला जाणाऱ्यांना इथून एहरामची गरज नाही, ते पुढे मक्केला निघताना जुल-हुलैफाला बांधतात. आपलं विमान कुठे उतरणार हे विचारून घ्या. पुरुषांनी घरी दोन-चार दिवस एहराम नेसून चालून बघावं. मांड्या घासून सोलतात, त्यासाठी बिनवासाचं व्हॅसलीन लागतं. एहरामच्या हालतीत वासाचा साबण चालत नाही, तोही बिनवासाचा घ्या.

चालण्याबद्दल थोडं जास्त सांगायला हवं, कारण त्याचीच तयारी कुणी करत नाही. सफा-मरवाच्या सईचे सात फेरेच तीन किलोमीटरच्या वर होतात. त्याआधी तवाफचे सात, आणि हरमपर्यंत येणं-जाणं वेगळं. मिना, अरफात, मुजदलिफाच्या दिवसांत तर हिशेबच नाही. आपल्याकडची पन्नाशीतली बाई दिवसभर घरात राबते, थकते, पण सलग एक तास चालत नाही. आमच्याकडे नाव निघालेल्यांनी फज्रनंतर सेनगाव रस्त्याने चालायचं असं ठरलेलं आहे. पहिल्या आठवड्यात वीस मिनिटं, दुसऱ्या महिन्यात तासभर. जी चप्पल मक्केत घालायची तीच घालून. नव्या कोऱ्या चपला घालून विमानात बसलेल्यांचे पाय आम्ही परत आल्यावर पाहिले आहेत. चप्पल ठेवायला एक लहान कापडी पिशवी खांद्याला असू द्या, हरमच्या दारात सोडलेली चप्पल सापडत नाही. पहिल्या दिवशी बायका बुरखा घालून रस्त्याने चालायला लाजत होत्या, आता दूधवाला त्यांना वेळ विचारतो.

उन्हाचं भय आपल्याला नसतं, आपण मे महिन्यात हळद उकडणारी माणसं. पण जून 2024 मध्ये मक्केत पारा 51.8 अंशांवर गेला होता. त्या हजमध्ये 1,301 लोकांचा इंतकाल झाल्याचं सौदी सरकारने सांगितलं. त्यातले 83 टक्के परवान्याशिवाय आलेले होते. त्यांना तंबू नाही, बस नाही, सावली नाही. हा आकडा आम्ही पुन्हा पुन्हा सांगतो तो भीती घालायला नव्हे. दरवर्षी कुणीतरी येतो आणि म्हणतो, कुरआची वाट कशाला बघता, व्हिजिट व्हिसावर नेतो, पैसे रोख द्या. जमीन विकून पैसे आणणाऱ्याला हे गोड लागतं. खासगी टूरने जायला हरकत नाही, पण ती सरकारकडे नोंदलेली आहे का आणि व्हिसा हजचाच आहे का, हे कागदावर पाहिल्याशिवाय रुपया देऊ नका. रोख तर नकोच. छत्री, पाणी आणि ओआरएसच्या पुड्या प्रत्येकाजवळ हव्यात, त्या नियमाला इथेही अपवाद नाही.

कागदांमध्ये आमच्या भागात सगळ्यात जास्त अडतं ते बायकांच्या नावावर. आधारवर ‘बी’, बँकेत ‘बेगम’, शाळेच्या दाखल्यावर आणखी काही. माहेरचं नाव एकीकडे, सासरचं दुसरीकडे. पासपोर्ट काढायच्या आधी हे एक करून घ्या, नाव निघाल्यावर नव्हे. 2018 पासून 45 वर्षांवरील महिलांना मेहरमशिवाय महिलांच्या गटातून जाता येऊ लागलं. गावातल्या विधवा बायका हे ऐकून आमच्याकडे येतात. कुणाला मुलगा नाही, कुणाचा मुलगा पुण्यात कामाला. त्यातल्या निम्म्यांकडे पासपोर्ट नाही आणि पैसे बँकेत स्वतःच्या नावावर नाहीत. त्यांची तयारी तिथून सुरू होते.

पैशाचं एक सांगतो, राग मानू नये. 2018 पासून हजची सबसिडी बंद आहे, सगळी रक्कम आपल्याच खिशातून जाते, हप्त्यांच्या तारखा ठरलेल्या असतात. अशा वेळी निघायच्या आधी दोनशे माणसांचं जेवण घालणं कुठे सांगितलं आहे? एका घराने जेवणासाठी उसने घेतले आणि शेवटच्या हप्त्याला सोनं गहाण ठेवलं. कर्ज फेडा, हक्क मागून घ्या, माफी मागा, वसियत लिहा. जेवण परत आल्यावर घाला, घालायचंच असेल तर. गाड्या भरून मुंबईपर्यंत पोहोचवायला जाण्याचंही तसंच. 2024 पासून जनशताब्दी हिंगोलीहून थेट मुंबईला जाते आणि हज हाऊस सीएसएमटीच्या जवळच आहे. पण ती बसून जायची गाडी आहे, म्हाताऱ्यांना दिवसभर बसवेल का ते बघा. बरोबर घरचा एकच धडधाकट माणूस पुरे. विमानाच्या आदल्या रात्री पोहोचायचं नाही, हज हाऊसमधली हजेरी आणि कागद आधी होतात.

हजची तारीख दरवर्षी दहा-अकरा दिवस मागे येते. 2023 ला अरफातचा दिवस 27 जूनला होता, 2025 ला 5 जूनला. शेतकऱ्याच्या घरात हे महत्त्वाचं आहे. पेरणीच्या तोंडावर घरचे दोन्ही कर्ते बाहेर असतील तर बी, खत, ट्रॅक्टर कुणाच्या हवाली, हे लिहून ठेवा. 2023 ला खालांच्या मुलाने मिनातून फोन करून सोयाबीनच्या बियाण्याची पिशवी कुठे ठेवली ते सांगितलं होतं. तेव्हाच त्याची बॅटरी संपली.

परतताना झमझमचं पाणी बॅगेत भरू नका. हज कमिटीच्या यात्रेकरूंना पाच लिटरचा कॅन परतल्यावर विमानतळावर मिळतो. यंदाच्या वर्गात खाला स्वतः येऊन बसतात. पाटीवर एक गोल आणि एक इंग्रजी सात काढून नव्या हज्जनला विचारतात, “हे किती?”